कपडा बोचला की व्यायाम सुटतो

व्यायाम का सुटला असं विचारलं, तर आपल्या बायकांची उत्तरं ठरलेली असतात. सकाळी डबे असतात, गुडघे दुखतात, पावसाळा आहे, वेळच मिळत नाही. ही सगळी कारणं खरीच असतात. पण त्यांच्या आड आणखी एक कारण लपलेलं असतं, जे सहसा कुणी मोठ्याने सांगत नाही. ते म्हणजे अंगावरचा कपडा. पट्टा खांद्यात रुततो, घामाने काखेत चट्टे उठतात, सलवार पायात येते, उडी मारली की छाती दुखते आणि सगळे आपल्याकडेच बघताहेत असं वाटतं. चार दिवस हे सहन होतं. पाचव्या दिवशी गजर बंद करून पांघरूण ओढून घ्यावंसं वाटतं.

आमच्या घरात आम्ही तिघी जणी आहोत. सासूबाई ७४ वर्षांच्या, मी ४६ ची आणि लेक १३ वर्षांची. २०२५ च्या पावसाळ्यात तिघींच्याही कपड्यांचा प्रश्न एकापाठोपाठ एक समोर आला. त्यातून जे कळलं, ते तुमच्याही घरात उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे.

लेकीचं पोट का दुखायचं?

आमचं मूळ गाव साताऱ्याकडचं, पण बडोद्यात राहणारी आमची ही तिसरी पिढी. खो-खो मात्र घरातून गेला नाही. लेक पाचवीपासून शाळेच्या संघात आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तेव्हा प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं. तो सामना आमच्याकडे कुणी बसून पाहिलाच नाही. सगळे टीव्हीसमोर उभे होते. त्यानंतर आठवडाभर लेक जिन्यावरूनही सूर मारायच्या बेतात असायची.

आणि जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर हीच मुलगी सरावाच्या दिवशी पोट दुखतं म्हणू लागली. मग पाय दुखायला लागला. मग एक दिवस सरळ म्हणाली, "मला नाही खेळायचं. मी चित्रकलेत नाव घालते."

खरं कारण काढलं ते तिच्या आजीने. रात्री वेणी घालताना सासूबाईंनी हळूच विचारलं, "पळताना इथे दुखतं का गं बाळा?" लेकीने मान हलवली आणि आजीच्या मांडीत तोंड खुपसून रडली. दोन स्लिपा एकावर एक, त्यावर जुनं बनियन, त्यावर शाळेचा टी-शर्ट, आणि तरीही कोपरं अंगाशी दाबून पळायचं, असं तिचं महिनाभर चाललं होतं. खो-खोत कोपरं दाबून पळता येत नाही. खुंटाला हात घालून वळावं लागतं, पाटीवरून झटक्यात उठावं लागतं, वेळ पडली तर अंग झोकून द्यावं लागतं. तिला ते जमेना आणि का जमत नाही हे कुणाला सांगताही येईना.

सासूबाई मला म्हणाल्या, "आमच्या वेळी पोरगी शहाणी झाली की खेळ बंदच व्हायचा. कुणी बंद करायला सांगायचंही नाही. आपोआप व्हायचा."

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. ब्रिटनमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठात स्तनांचं आरोग्य आणि खेळ या विषयावर संशोधन करणारा एक गट आहे. त्यांनी सुमारे २,००० शाळकरी मुलींना प्रश्न विचारले, तेव्हा जवळजवळ निम्म्या मुलींनी सांगितलं की स्तनांमुळे आपल्या खेळण्यावर काही ना काही परिणाम होतो. म्हणजे मैदान सोडणाऱ्या प्रत्येक मुलीला खेळाचा कंटाळा आलेला असतो, असं मुळीच नाही.

लंगोटाची लाज नाही, मग याची का?

बडोदा हे आखाड्यांचं गाव. जुम्मादादा व्यायाममंदिराचं नाव इथे आजही आदराने घेतात. आखाड्यात उतरणाऱ्या मुलाने आधी लंगोट कसायचा, हे घरातली मोठी माणसं त्याला कौतुकाने शिकवतात. नाजूक भागाला आधार हवा, नाहीतर इजा होईल, एवढं साधं कारण त्यामागे आहे. मुलींच्या बाबतीत कारण अगदी तेच असतं, पण तिथे आपला आवाज एकदम खाली येतो.

शरीराची गोष्ट साधी आहे. स्तनांमध्ये हाड नसतं आणि त्यांना उचलून धरणारा स्नायूही नसतो. छातीचे स्नायू त्यांच्या खाली असतात. स्तनांना धरून ठेवते ती वरची त्वचा आणि आतले तंतूंचे नाजूक धागे. पळताना स्तन फक्त वरखाली हलत नाहीत, ते डावी-उजवीकडे आणि पुढे-मागेही हलतात. आधार नसेल तर ही त्वचा आणि हे धागे ताणले जातात आणि दुखायला लागतं. हे कमी बांध्याच्या मुलींनाही होतं, फक्त भरलेल्या अंगाच्या बायकांनाच नाही.

स्पोर्ट्स ब्राचा जन्मही याच त्रासातून झाला. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात लिसा लिंडाल या धावणाऱ्या तरुणीला तिच्या बहिणीने गमतीत विचारलं, की पुरुष खेळाडूंसाठी आधाराचा पट्टा असतो तसा बायकांसाठी का नसतो? तो पट्टा म्हणजे आपल्या लंगोटाचाच भाऊबंद. लिसाची मैत्रीण पॉली स्मिथ नाटकांचे कपडे शिवायची. हिंदा मिलर तिची मदतनीस होती. या तिघींनी दोन पट्टे आणून एकत्र जोडले आणि त्यातून पहिली स्पोर्ट्स ब्रा तयार झाली. पुढे २०२२ मध्ये अमेरिकेच्या नामवंत संशोधकांच्या यादीत तिघींची नावं सन्मानाने घेतली गेली. ही गोष्ट मी लेकीला सांगितली तेव्हा ती बऱ्याच दिवसांनी खळखळून हसली. "म्हणजे दोन लंगोट शिवले?" म्हणाली.

मोजपट्टी घेऊनच खरेदीला निघा

मी पहिल्या दुकानात गेले तिथे काउंटरवरच्या भाऊंनी माझ्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "बेन, छत्रीस आपी दऊं?" नजरेने माप घेण्याची ही पद्धत देशभर सारखीच असावी. मी लेकीला घेऊन तशीच घरी परतले, शिवणाच्या डब्यातली मोजपट्टी काढली आणि मगच पुन्हा बाहेर पडले.

माप घेणं सोपं आहे. आधी छातीच्या अगदी खाली, फासळ्यांभोवती पट्टी सपाट आणि किंचित घट्ट धरायची. मग छातीच्या सर्वांत भरलेल्या भागावरून, न आवळता. पहिल्या मापावरून पट्ट्याचा आकडा ठरतो आणि दोन मापांतल्या फरकावरून कपाचं अक्षर. साधारणपणे एक इंच फरक म्हणजे ए, दोन म्हणजे बी, तीन म्हणजे सी, चार म्हणजे डी. पण प्रत्येक कंपनीचा हिशोब थोडा वेगळा असतो. काही कंपन्या खालचं माप तसंच धरतात, काही त्यात इंच वाढवतात, तर स्पोर्ट्स ब्रावर पुष्कळदा नुसतं स्मॉल, मीडियम, लार्ज लिहिलेलं असतं. म्हणून स्वतःची दोन्ही मापं मोबाइलमध्ये लिहून ठेवा आणि त्या त्या कंपनीच्या तक्त्याशी जुळवून पाहा.

प्रकार मुख्यतः दोन. एका प्रकारात कापड छातीला सपाट दाबून धरतं. लहान बांधा, वाढत्या वयाच्या मुली, योगासनं, चालणं यासाठी हा पुरतो. दुसऱ्या प्रकारात दोन वेगळे कप असतात आणि प्रत्येक बाजूला स्वतंत्र आधार मिळतो. भरलेला बांधा असेल आणि पळणं, दोरीवरच्या उड्या, झुम्बा असं काही करायचं असेल तर हा प्रकार जास्त उपयोगी. काहींमध्ये दोन्ही गोष्टी एकत्र असतात. दुकानात "लो, मीडियम, हाय इम्पॅक्ट" असं लिहिलेलं दिसेल. त्याचा अर्थ एवढाच, की व्यायामात धक्के किती बसतात. योगासनांना लो पुरतं, झपाझप चालायला मीडियम बघा आणि पळायला, उड्यांना किंवा खो-खोला हाय.

घालून पाहताना आरशासमोर नुसतं उभं राहू नका. आम्ही हे सगळं केलं. दोन्ही हात वर केले. खालचा पट्टा वर सरकला तर माप सैल आहे. पट्ट्याखाली दोन बोटं जाऊ दिली. त्याहून जास्त जागा असेल तर आधार मिळणार नाही, बोटंच जात नसतील तर श्वास अडेल. खोल श्वास घेतला, वाकलो. बाजूने किंवा वरून अंग बाहेर येत असेल तर कप लहान आहे. आणि शेवटी जागच्या जागी दहा उड्या मारल्या. बाहेर उभ्या असलेल्या मुलीने घाबरून दार वाजवलं, पण उड्या पूर्ण केल्या.

एक गोष्ट नेमकी लक्षात ठेवा. बराचसा भार छातीखालच्या पट्ट्याने उचलायला हवा, खांद्यावरच्या पट्ट्यांनी नाही. खांद्यावर खोल वळ उठत असतील तर खालचा पट्टा आपलं काम करत नाहीये. मागे हुक असतील तर नवी ब्रा सर्वांत सैल हुकावर नीट बसायला हवी. वापराने इलॅस्टिक ढिलं पडलं की मग पुढच्या हुकांवर जाता येतं. आणि वाढत्या मुलीचं माप दर पाच-सहा महिन्यांनी पुन्हा घ्या. "मोठं घेऊ, दोन वर्षं चालेल" हा शाळेच्या गणवेशाचा हिशोब इथे लागू पडत नाही.

शेजारच्या काकूंनी सासूबाईंना सांगितलं होतं, की घट्ट ब्राने कर्करोग होतो. या भीतीला वैद्यकीय आधार नाही. मात्र गाठ लागली, एकाच जागी सतत दुखत राहिलं किंवा स्राव आला, तर ब्रा बदलून वाट बघत बसू नका. डॉक्टरांना दाखवा.

सासूबाईंची साडी

सासूबाईंना मधुमेह आहे आणि डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलं आहे. त्या कामाटीबागेत जायच्या, पण दहा मिनिटांत बाकावर बसायच्या. ट्रॅक पँट आणून दिली असती तर त्यांनी ती पायपुसणं म्हणून वापरली असती, याची मला खात्री आहे. पन्नास वर्षं साडी नेसलेल्या बाईला साडीतच चालायचं होतं, आणि त्यात चुकीचं काहीच नव्हतं. नऊवारी लुगडं नेसून बारामतीच्या लता करे मॅरेथॉनमध्ये धावल्या, हे आपण पाहिलंच आहे. पूर्वी शेतात राबणाऱ्या बायका कासोटा घालायच्या तो पाय मोकळे राहावेत म्हणूनच, आणि खणाच्या चोळीची पुढची गाठ छातीला आधारही द्यायची. गोल साडीत हे दोन्ही हरवलं.

मग आम्ही साडी तीच ठेवली आणि बाकीचं बदललं. परकराची उंची दोन इंच कमी केली, म्हणजे साडी घोट्याच्या वर राहते आणि पायात येत नाही. चालण्यासाठी दोन हलक्या सुती साड्या वेगळ्या काढल्या. नाडीऐवजी कमरेला रुंद पट्टा लावून घेतला, कारण रोज एकाच जागी नाडी आवळून त्यांच्या कमरेवर काळा वळ पडला होता. अशा वळाची जखम झाली आणि ती बरी होत नसेल तर दुर्लक्ष करू नये. पदर खांद्यावर पिन लावून कमरेत खोचला. हल्ली मिळणारे अंगाला घट्ट बसणारे साडी शेपवेअर समारंभात छान दिसतात, पण त्यात पाऊल लांब टाकता येत नाही, म्हणून चालायला ते नको.

त्यांचा उजवा खांदा आखडलेला आहे. मधुमेहात हे पुष्कळांना होतं. हात मागे जात नाही, डोक्यावरून कपडा ओढता येत नाही. त्यांच्यासाठी पुढे हुक असलेली, रुंद पट्ट्यांची मऊ सुती ब्रा आणली. त्या म्हणाल्या, "ही आधी कुठे होती गं?" आणि साडीखाली लेस बांधायचे बूट. पहिले दोन दिवस त्या लाजल्या. तिसऱ्या दिवशी बाकावरच्या मैत्रिणींनी बुटांचा नंबर विचारला. आता चौघी जणी साडी आणि बुटांत बागेला पूर्ण चक्कर मारतात.

सुती की सिंथेटिक?

आपल्याला लहानपणापासून शिकवलं आहे, की उन्हाळ्यात सुती घाला. हलक्या व्यायामाला ते बरोबरच आहे. पण सुती कापड घाम शोषून स्वतःतच धरून ठेवतं. अर्धा तास पळून घाम निथळला की ते जड होतं, अंगाला चिकटतं आणि घासून काखेत, मांड्यांमध्ये चट्टे आणतं. खेळाच्या कपड्यांचं पॉलिस्टर किंवा नायलॉन घाम बाहेरच्या बाजूला ओढून लवकर वाळवतं, आणि त्यात मिसळलेल्या थोड्या स्पॅन्डेक्समुळे कपडा ताणला जाऊन परत जागेवर येतो. पण सगळंच पॉलिस्टर असं नसतं. जाड, चकचकीत, हवा न खेळणारं कापड उन्हाळ्यात भट्टीसारखं तापतं. कापड तोंडासमोर धरून फुंकर मारा. हवा आरपार जात असेल तर घ्या.

मी स्वतः जोरात चालते आणि आठवड्यातून दोनदा वजनं उचलते. या वयात घामाच्या लाटा मधेच येतात, त्यामुळे वर जाळीदार टी-शर्ट आणि आतली निकर मात्र सुती, असा मेळ मला मानवला. कपडे कोणतेही असोत, व्यायाम झाल्यावर ओल्या कपड्यांत भाजी घेत फिरू नका. ओलावा आणि ऊब मिळाली की छातीखाली, जांघेत नायटा धरतो.

धुताना साबण सौम्य वापरा. कपडे मऊ करणारं द्रव घालू नका, त्याने घाम ओढण्याचा गुण कमी होतो. पिळा घालू नका आणि मोकळ्या हवेत, सावलीत वाळवा. टॉवेलखाली लपवून तर मुळीच नको, तिथे कपडा दमट राहतो आणि वास धरतो.

लेगिंग, कुर्ता आणि लोक

लेगिंग घेताना दुकानातच उजेडात उठाबशा काढून पाहा. कापड ताणल्यावर आतलं दिसत असेल तर ती नको. कमरेचा पट्टा रुंद हवा, वाकल्यावर खाली न घसरणारा आणि पोटात न रुतणारा. दोन पायांच्या जोडावर वेगळा तुकडा लावलेला असेल तर शिवण रुतत नाही आणि उसवतही नाही. खिसा असेल तर मोबाइल हातात धरून चालावं लागत नाही.

लेगिंग घालायचीच असं काही नाही. आमच्या बागेत कुणी कुर्ता-सलवार घालतं, कुणी बुरख्याखाली बूट, कुणी शॉर्ट्स. कुर्ता घालत असाल तर दोन्ही बाजूंना उंच फाट असलेला, गुडघ्याच्या वरचा बरा. ओढणी असेल तर तिची टोकं मागे गाठ मारून बांधा आणि ट्रेडमिल किंवा सायकलवर ती घरीच ठेवा, चाकात अडकली तर जिवावर बेतू शकतं. लोक काय म्हणतील ते आपल्या हातात नाही. आपण दर पावलाला कपडा ओढत चालायचं की मोकळं चालायचं, ते मात्र आहे.

लेकीची आणखी एक अडचण होती. संघाचा गणवेश पांढरा आणि पाळीचे दिवस. विम्बल्डनमध्ये पांढऱ्या कपड्यांचा नियम इतका जुना आणि कडक, तरी २०२३ पासून तिथेही महिला खेळाडूंना स्कर्टच्या आत गडद रंगाची शॉर्ट्स घालायला परवानगी मिळाली. हे मी तिच्या खेळाच्या बाईंना सांगितलं. त्या क्षणभर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "मी खेळायचे तेव्हा मलाही हीच भीती असायची." आता संघातल्या सगळ्या मुली आत गडद निळी शॉर्ट्स घालतात.

आधी काय घ्यावं?

सगळं एकदम घ्यायची गरज नाही. पैसे मोजकेच असतील तर आधी योग्य मापाची ब्रा आणि बूट. टी-शर्ट, पायजमा घरातला चालेल. रंग, नक्षी, नाव यांसाठी जादा पैसे देण्याआधी पट्टा ताणून सोडून पाहा. तो झटकन जागेवर येत असेल तर कपडा टिकेल. ऑनलाइन घेत असाल तर परत करण्याची सोय आहे का ते आधी वाचा, आणि आल्यावर लेबल न काढता घरातच उड्या मारा.

लेक जुलैमध्ये परत मैदानावर गेली. पहिल्या सामन्यात त्यांचा संघ हरला. पण ती खुंटाला वळसा घालून पूर्ण अंग झोकून गडी बाद करताना मी पाहिली, आणि कोपरं कुठे आहेत याची तिला आठवणही नव्हती. घरी आल्यावर तिने घामेजलेली ब्रा स्वतः धुतली आणि गॅलरीतल्या दोरीवर बाबांच्या बनियनशेजारी वाळत घातली. बाहेर पाऊस कोसळत होता.

"आई," ती दोरीकडे बघत म्हणाली, "ही उद्या सकाळपर्यंत नाही वाळणार. दुसरी कधी घ्यायची?"